कच्च्या चिंबोरीचा रस

बोळिंज, ९ फेब्रुवारी १९५२

प्रिय बहीण लिली हिला उर्सुलाचा आशीर्वाद.

हे पत्र उन्हात ठेवू नकोस. माझं पत्र आलं की तू ते गॅलरीच्या कठड्यावर दगडाखाली दिवसभर तापवतेस आणि मग वाचतेस, हे तुझ्या बेनेडिक्टने मला मागेच सांगितलं होतं. मी वाईट वाटून घेतलं नव्हतं. तुझ्या घरात लहान मूल आहे, आणि ते मूल माझं आहे. तुझ्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. पण या वेळी गरज नाही. मला क्षय नाही.

पुन्हा लिहिते, कारण मलाही ते लिहून बघावं लागतं आहे. मला क्षय नाही. नव्हताच.

वसईच्या दवाखान्यात दिवाळीनंतर एक नवे डॉक्टर आले आहेत. नाव वॉल्टर, म्हणून सगळे त्यांना वॉल्टर डॉक्टर म्हणतात. लढाईत ते पलटणीबरोबर ब्रह्मदेशच्या हद्दीवर होते. जानेवारीत मला पुन्हा दोनदा रक्त पडलं, तेव्हा आपला वाडीवाला श्रीपत मला बैलगाडीत घालून तिकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरला, मला वजनाच्या काट्यावर उभं केलं, जुने कागद चाळले आणि म्हणाले, "बाई, क्षयाचं माणूस सहा वर्षांत सात पौंडांनी वाढलेलं मी अजून पाहिलं नाही. तुम्ही खाता काय?"

मी म्हटलं, "कोणी आणून देईल ते."

"कच्चा मासा? कच्चा खेकडा, कच्ची चिंबोरी?"

मी म्हटलं, "आम्ही काय मांजरं आहोत?"

घरी आल्यावर आठवडाभराने मला आठवलं. बेटी तीन वर्षांची असताना तिला डांग्या खोकला झाला होता. तेव्हा तू लग्न होऊन माझगावला गेली होतीस. डोंगरातली बाई ओढ्याची काळी चिंबोरी विकायला आणायची, ती ठेचून आईने तिचा रस पोरीला पाजला होता. आई म्हणायची ते तुला आठवत असेल, समुद्राची चिंबोरी तोंडाला, डोंगराची छातीला. तो रस त्या दिवशी कच्चाच राहिला. आणि पोर घेईना म्हणून मीही प्याले. हे मी परत जाऊन डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते खुर्चीतून उठले आणि त्यांनी माझ्यासमोर एक डबी ठेवली. थुंका, म्हणाले. सहा वर्षांत कोणी माझ्या थुंकीसाठी इतकं आनंदाने उठलं नव्हतं.

मग त्यांनी मला सूक्ष्मदर्शकातून पाहू दिलं. पिवळट तपकिरी रंगाचं अंडं, एका टोकाला झाकण असलेलं, आपल्या पाण्याच्या मडक्यासारखं. असली मडकी मी सहा वर्षं थुंकत होते. डॉक्टर म्हणाले, किडा आहे. चिंबोरीच्या मांसात त्याची पिल्लं असतात, ती पोटातून वर चढून छातीत जातात आणि तिथे दोन-दोन मिळून घर करतात. काही किडे कच्च्या माशातून येतात, हा कच्च्या चिंबोरीतून. पलटणीतल्या माणसांमध्ये त्यांनी असे पुष्कळ पाहिले होते. रक्त पडतं म्हणून सगळे क्षयच समजतात. म्हणजे माझ्या छातीत सहा वर्षं दोघांचा संसार सुखाने चालला होता आणि माझा मोडला होता. हे मी त्यांना बोलून दाखवलं. ते हसले नाहीत.

आणि लिली, हा रोग एकाच्या तोंडातून दुसऱ्याच्या तोंडात जात नाही. माझ्या ताटलीत बेटी जेवली असती तरी तिला काही झालं नसतं. मी रहाटाशेजारच्या खोपीत राहिले, आई वारली तेव्हा दारातून बघितली, पोर चार वर्षांची असताना तुझ्या स्वाधीन केली, याची काही गरज नव्हती. साप साप म्हणून आपण सगळ्यांनी भुई धोपटली. मला राग यायला पाहिजे होता. मी वाट पाहिली, पण आला नाही.

आता मागणं. बेटीला परत पाठव. ईस्टरच्या सुट्टीत आणून सोडलीस तरी चालेल. मी मेले असं तिला सांगायला मीच तुला लिहिलं होतं, ते मला ठाऊक आहे. ते कसं फिरवायचं ते दोघी मिळून बघू.

एक विचारते. बेटीला खोकला नाही ना?

तुझी उर्सुला


बोळिंज, १ मार्च १९५२

प्रिय लिली,

तुझं चार ओळींचं कार्ड पोचलं. तुला आनंद झाला, देवाची कृपा, बेटीची परीक्षा जवळ आली आहे, बेनेडिक्टची पाळी रात्रीची आहे. मी शाळेत शिकवत होते तेव्हा अशी उत्तरं लिहिणाऱ्या मुली असायच्या. प्रश्न एक आणि उत्तर भलतंच, पण अक्षर सुंदर. मी शेवटी जे विचारलं होतं त्याला तू हात लावलेला नाहीस.

माझ्या सुया टोचून झाल्या. रोज एक, असे दहा दिवस दवाखान्यातच झोपून होते. या औषधाने हृदयाला त्रास होतो म्हणून उठू देत नाहीत. झोपून राहणं मला चांगलं येतं, त्यामुळे नर्सबाई खूश होत्या. आता थुंकीतली मडकी कमी झाली आहेत. गोळ्या चालू आहेत. पुरते जातील असं डॉक्टर छातीठोकपणे सांगत नाहीत, पण रक्त दोन आठवड्यांत पडलेलं नाही.

परत आल्यावर डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी घरात राहायला गेले. म्हणजे जायचं ठरवलं. खोपीपासून ओटीपर्यंत किती पावलं आहेत ते तुला माहीत आहे, केळीची एक ओळ ओलांडली की झालं. मला सहा दिवस लागले. आईला जाऊन तीन वर्षं झाली, घराला कुलूप होतं, आत जपायला कोणी माणूस नव्हतं. तरी मी या तीन वर्षांत एकदाही कुलूप काढलं नव्हतं. माझ्या खोकल्यापासून मी कोणाला वाचवत होते कोण जाणे. ओटीवरच्या बाकड्याला असेल.

आता लोक येतात. श्रीपतची कृष्णाबाई परवा ओटीवर चढून बसली. आई गेल्यापासून तिने माझं जेवण दगडावर ठेवून लांबून हाक मारली, त्यात कधी खाडा केला नाही. परवा ती म्हणाली, "उर्सुलाबाय, माज्या हातचं पानी पितंस का आता, का मी तुज्या हातचं पिऊ?" मग आम्ही दोघी एकमेकींच्या हातचं पाणी प्यालो.

जेवते मात्र मी अजून त्याच ताटलीत. आईने खिळ्याने तिच्या काठावर क्रूस कोरला होता, भांडी मिसळू नयेत म्हणून. घरात दुसऱ्या ताटल्या आहेत, मी काढून घासूनही ठेवल्या. हात त्याच ताटलीकडे जातो.

लिली, बेटी खोकते का, एवढंच सांग. हो किंवा नाही. त्या दिवशी तो रस तिच्याही पोटात गेला होता.

तुझी उर्सुला


बोळिंज, १७ मार्च १९५२

लिली,

काल बेनेडिक्ट येऊन गेला. तू पाठवला नव्हतास, हे त्याने आल्या आल्या सांगितलं. टोपी हातात घेऊन ओटीच्या खालीच उभा होता. मी म्हटलं, वर ये, चावणार नाही. मग वर आला आणि त्याने चहा घेतला. कप परत ठेवताना त्याने तो उगाच फार जपून ठेवला. चांगला माणूस आहे.

त्याने मला दोन गोष्टी सांगितल्या.

पहिली. बेटी खोकते. वर्षभर खोकते. सकाळी उठल्यावर गंजलेल्या पाण्यासारखं पडतं, आणि तिचे रुमाल तू स्वतः धुतेस, मोलकरणीला देत नाहीस. शाळेतल्या सिस्टरने दोनदा विचारलं तर तू सर्दी म्हणून सांगितलंस. बेनेडिक्ट डॉक्टरकडे चल म्हणाला तेव्हा तू त्याच्या पायांवर पडलीस, म्हणालीस, डॉक्टर तिला नेतील आणि खोपीत टाकतील. हे सांगताना तो रडला. मला नाही रडू आलं. माझ्या मनात फक्त एवढं आलं, की लिलीने वर्षभर हे एकटीने कसं सांभाळलं. माझ्यापाशी निदान रहाटाचा आवाज होता.

दुसरी. माझं पहिलं पत्र वाचून तू आईचा फोटो भिंतीवरून काढलास. येत्या महिन्यात देवळात तिच्या पुण्यतिथीची प्रार्थना, वर्षाची मिसा आहे, ती तू देणार नाहीस. म्हणालीस, त्या अडाणी बाईने दोघींचा जीव घेतला, तिच्यासाठी मी गुडघे टेकणार नाही.

आता मला खरं लिहिणं भाग आहे. चोर सोडून संन्याशाला सुळावर चढवल्यासारखं झालं आहे हे, आणि चोर मी आहे.

मी तुला लिहिलं की आईने पाजलं. डॉक्टरांनाही तसंच सांगितलं. आठवायला आठवडा लागला असंही लिहिलं. खोटं आहे. डॉक्टरांनी कच्ची चिंबोरी हे शब्द उच्चारले तेव्हा स्टुलावर बसल्या जागी मला सगळं दिसलं होतं. म्हणून तर मांजरांचं बोलून मी उठले.

पंचेचाळीस सालचा गुड फ्रायडे होता तो. आपल्या घरची रीत तुला माहीत आहे, गुरुवारी संध्याकाळी चूल विझवायची ती शनिवारी सकाळी देवळाची घंटा वाजली की पेटवायची. माझ्या सिप्रियनची बोट बुडाली आणि मी विधवा झाले त्याला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. त्या दीड वर्षात मी फार देवभोळी झाले होते, तू पाहिलं आहेस. रोज मिसा, दोन वेळा रोझरी, पायांत वहाणा नाहीत. लोक म्हणायचे, बाई असावी तर उर्सुलासारखी. मला ते ऐकायला आवडायचं. हेही लिहूनच टाकते.

शुक्रवारी दुपारी बेटीचा खोकला इतका वाढला की ओठ निळे पडायला लागले. डोंगरातल्या बाईकडून आईने चिंबोरी घेऊन ठेवली होती. सुकत आलेल्या ओढ्याच्या दगडांखालून काढलेली. आईने पाट्यावर ठेचली, फडक्यातून गाळली. रस नेहमी लसूण-मिरी घालून कढवायचा असतो. आईने पातेलं माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "चूल पेटव गो."

मी म्हटलं, "आई, आज शुक्रवार आहे."

"ठाव हाय. पेटव. देव काय धुराला भितो? कच्चा नको देऊं पोरीला. पाप लागला तं मला लागूं दे."

मी पेटवली नाही. आई स्वतः काडेपेटी शोधायला उठली, तर ती मी कमरेला खोवून ठेवली. म्हटलं, आपला प्रभू क्रूसावर तहानलेला आहे आणि आपण घरात कढण करायचं? शाळेत मुलींना सांगायचे त्याच सुरात आईला सांगितलं. आई खाली बसली. माझ्याशी भांडून ती कधी जिंकलीच नाही, मी शिकलेली ना.

मग मी पोरीला मांडीवर घेतलं. तिने तोंड घट्ट मिटलं आणि म्हणाली, "तू आधी." औषधाचं तिचं तेच असायचं तेव्हा. मी आधी एक मोठा घोट घेतला. खारट, चिखलाचा वास. मग तिने चमचाभर घेतला. परत म्हणाली, तू आधी. असं करत वाटी संपली, तीन भाग माझ्या पोटात गेले आणि एक भाग तिच्या. तेवढा एकच भाग तिच्यात गेला म्हणून तिला इतक्या उशिरा दिसतं आहे असं डॉक्टरांना वाटतं. काल बेनेडिक्ट गेल्यावर मी श्रीपतबरोबर लगेच दवाखान्यात जाऊन त्यांना सगळं सांगितलं, या वेळी खरं.

पोरीचा डांग्या खोकला पुढे आपोआप बरा झाला. मी देवाचे आभार मानले, चूल न पेटवल्याबद्दल.

आईने हे कोणाला सांगितलं नाही. मला रक्त पडायला लागल्यावर तीन वर्षं तिने मला दगडावर वाढलं, पण कधी त्या दिवसाचा शब्द काढला नाही. तिला तरी कुठे ठाऊक होतं म्हणा. ठाऊक असतं तरी काढला नसता. लिली, आईचा फोटो परत लाव आणि मिसा दे. माझा फोटो तुझ्या भिंतीवर नाहीच, तेव्हा काढायचा प्रश्न नाही.

आणि बेटीला घेऊन ये. तिला कोणी खोपीत टाकणार नाही. तिला किडा आहे, औषध आहे, आणि तिच्यासाठी डॉक्टर फक्त गोळ्या देणार आहेत, सुया नाहीत. तू भीत होतीस ती गोष्ट नाहीच मुळी. तुझ्याकडून काढून घ्यायला मी बोलावत नाही. आधी बरी होऊ दे.

उर्सुला


बोळिंज, ३ एप्रिल १९५२

प्रिय लिली,

तुझी अट वाचली. मी तिची मावशी, आजारी होते म्हणून इतकी वर्षं भेटले नाही. तिची आई तू.

कबूल आहे.

गुरुवारी दुपारच्या गाडीला श्रीपत विरार स्टेशनावर येईल. बेटीला बैलगाडीत बसायला आवडत नसेल तर सांग, तो उचलून आणेल. नाही, दहा वर्षांची मुलगी उचलून काय आणणार. मी तिला चार वर्षांचीच धरून चालले होते.

उर्सुला


बोळिंज, २१ एप्रिल १९५२

प्रिय लिली,

तुम्ही दोघी परत गेल्यावर लिहिलेलं तुझं लांबलचक पत्र आलं. तुझं इतकं लांब पत्र मी पहिल्यांदाच वाचलं. डॉक्टरांना बेटीच्या थुंकीत तीच अंडी सापडली पण अगदी थोडी, हे ऐकल्यापासून तू रात्री झोपतेस असं लिहिलंस, ते बरं झालं. आणि शेवटी लिहिलंस, की आता बेटीला खरं सांगूया, तू म्हणशील त्या दिवशी तिची पेटी भरते, हक्क तुझा आहे. हे लिहायला तुला किती वेळ लागला असेल त्याचा मला अंदाज आहे. त्या ओळीवर शाई दोनदा सांडली आहे.

उत्तर देते. पण गुड फ्रायडेला तू देवळात गेलीस तेव्हा घरात काय झालं ते तुला माहीत नाही, ते आधी सांगते.

तू गेल्यावर मी चूल पेटवली. गोळ्या भरल्या पोटी द्यायच्या, गरम पेज पोटात गेल्यावर, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. गुरुवारी संध्याकाळी तू माझ्याकडे बघून रीतीप्रमाणे चूल विझवलीस, मी विझवू दिली. पण शुक्रवारी दुपारी काडी ओढली. लाकडं ओली होती, धूर फार झाला. कृष्णाबाई कुंपणाशी आली. "उर्सुलाबाय, आज तुमच्यात चूल? कोन आजारी हाय का?" मी म्हटलं, हो, पोर आजारी आहे. ती म्हणाली, "मंग बरोबर हाय," आणि गेली. इतकंच होतं ते.

बेटी उंबऱ्यावर बसून माझ्याकडे बघत होती. खोकली, थांबली, मग विचारलं, "मावशी, तुझ्या ताटलीवर क्रूस कोणी काढला?"

"माझ्या आईने."

"का?"

"माझी ताटली कुठली ते कळावं म्हणून."

तिने पेज खाल्ली, तिच्या ताटलीत. मी गोळी कुटून मधात कालवली. तिने तोंड घट्ट मिटलं. लिली, दहा वर्षांची झाली तरी ओठ मिटण्याची तऱ्हा तीच आहे, खालचा ओठ आत घेते. म्हणाली, "मम्मी येऊ दे." मी म्हटलं, मम्मीला वेळ आहे, देवळात आज क्रूसाच्या वाटेची प्रार्थना आहे, ती लांब असते. मी आधी घेते बघ. आणि मी चमचा उचलला.

ती मागे सरकली. म्हणाली, "तू नको. मम्मीने सांगितलंय, मावशीच्या उष्ट्याला तोंड लावायचं नाही."

तू हे वाचून रडत बसू नकोस. मी तुला दोष द्यायला लिहीत नाही. सहा वर्षांची सवय एका डॉक्टरच्या सांगण्याने जात नाही. माझी तरी कुठे गेली, मी स्वतःच अजून वेगळ्या ताटलीत जेवत होते, मग पोर काय समजणार? मी चमचा खाली ठेवला आणि दोघी तुझी वाट बघत बसलो. तिने मला तिच्या शाळेतल्या मैत्रिणींची नावं सांगितली. सोळा आहेत. मी सगळी पाठ केली.

मग तू आलीस, डोक्यावरची ओढणीही काढली नव्हतीस. पुढचं तू पाहिलं आहेस, पण तुझं लक्ष नव्हतं, तुला ते रोजचंच होतं. बेटी तुझ्याकडे वाटी घेऊन आली आणि म्हणाली, "मम्मी, तू आधी."

तू हातसुद्धा धुतले नाहीस. अर्धा चमचा तोंडात घातलास, असा चेहरा केलास की ती खदखदून हसली, आणि हसता हसता तिने बाकीचं घेतलं.

मी चुलीपाशी होते. तू माझ्याकडे बघितलं नाहीस ते बरं झालं. लिली, ते दोन शब्द माझे होते. माझ्या मांडीवर बसून ती ते म्हणायची. माझा चेहरा तिला आठवत नाही, आवाज आठवत नाही, हे घर आठवत नाही, पण तेवढं तिने इथून नेलं आणि ज्या बाईवर विश्वास बसला तिच्यापाशी ठेवलं. मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. छातीत दुखलं तेव्हा आधी मला किड्याचंच वाटलं. सहा वर्षांत काही वाटायचं बंद झालं होतं, आणि परत सुरू झालं ते इथून. रात्री मी खोपीत जाऊन बसले, तुम्हाला आवाज जाऊ नये म्हणून.

मी पाजलं तेव्हा ती माझ्या विश्वासाने प्याली होती आणि त्यातून तिला हे मिळालं. तुझ्या विश्वासाने पिते आहे त्यातून ती बरी होईल. आता मी हक्क म्हणून तिला तुझ्यापासून उचलून आणली, तर ती कोणाला म्हणेल, तू आधी? कोणालाच म्हणणार नाही. ओठ मिटून बसेल. तसं बसणं मला माहीत आहे.

तेव्हा पेटी भरू नकोस. खरं सांगू नकोस. मोठी झाल्यावर तिने आपण होऊन विचारलं तर दोघी मिळून सांगू, आणि तेव्हा चुलीचं मी स्वतः सांगेन, ते तुझ्यावर टाकणार नाही. सुट्टीत तिला मावशीकडे पाठवत जा. तिला केळीच्या गाभ्याची भाजी आवडली. दोन वेळा घेतली.

आईची मिसा परवा शनिवारी झाली. फादरनी तुझंही नाव घेतलं. ती क्रूसाची ताटली मी कृष्णाबाईच्या कोंबड्यांना पाणी ठेवायला दिली. कोंबड्यांची काही तक्रार नाही.

गोळ्या अजून नऊ दिवस आहेत. सकाळी न्याहारीनंतर, मधातून. चिंबोरी असो, मासा असो, उकळी फुटल्याशिवाय तिला काही देऊ नकोस, सण असो वा नसो. आणि ती म्हणेल तेव्हा आधी तू घे.

बेटीची मावशी,
उर्सुला